भंगारातले यंत्र आणि अंगणातली शाळा

रविवारची सकाळ आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एखाद्या तालुक्याच्या गावी घरापुढच्या अंगणात गोणपाट अंथरले आहे आणि त्यावर एका मोटारसायकलीचे सुटे भाग मांडले आहेत. नट-बोल्ट बिस्किटांच्या रिकाम्या डब्यांत वेगवेगळे ठेवले आहेत, रॉकेलच्या ताटलीत क्लचच्या पट्ट्या भिजत आहेत आणि वहीच्या पानावर कोणती तार कोठून निघाली याचा नकाशा काढलेला आहे. गुडघे टेकून बसलेला गृहस्थ व्यवसायाने यंत्रकारागीर नाही. तो शाळेत गणित शिकवत असेल, पंचायत समितीत कारकुनी करत असेल, किंवा महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाला असेल. समोरची गाडी चाळीस वर्षांपूर्वीची, जपानी बनावटीची आहे. शेजारी येऊन डोकावतात आणि ठरलेला प्रश्न विचारतात, ‘एवढ्या पैशात नवी आली नसती का?’

प्रश्न व्यवहाराचा आहे आणि हिशेबाच्या अंगाने तो चुकीचाही नाही. परंतु या अंगणात जे चालले आहे त्याचा केवळ हौस म्हणून विचार केला, तर त्यातील महत्त्वाचा भाग निसटतो. यंत्र दुरुस्त करण्याची विद्या समाजात कोणाच्या हाती राहावी आणि जुने यंत्र नीट जतन करणाऱ्याला कायद्याने कसे वागवावे, हे सार्वजनिक प्रश्न त्या गोणपाटावर पसरलेले आहेत.

एका दशकाचा वारसा

या गाड्यांचे मोल समजण्यासाठी १९८०नंतरचा काळ आठवावा लागेल. तोपर्यंत भारतीय रस्त्यांवर मोटारसायकल म्हटली की बुलेट, येझदी आणि दुधाच्या किटल्या वाहणारी राजदूत एवढीच नावे निघत. जपानी कंपन्यांशी सहकार्याचे करार झाले आणि चार-पाच वर्षांत चित्र पालटले. १९८३ साली एस्कॉर्ट्स कंपनीने यामाहाच्या आरडी ३५० या गाडीची भारतीय आवृत्ती राजदूत ३५० या नावाने आणली. १९८४ मध्ये इंड-सुझुकीची एएक्स १००, १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० आणि यामाहाची आरएक्स १००, तर १९८६ मध्ये बजाजच्या साहाय्याने कावासाकीची केबी १०० आली. हलके वजन, अचूक जोडणी आणि एका किकेत सुरू होणारे इंजिन यांचा अनुभव सामान्य भारतीयास प्रथमच मिळाला.

यांपैकी बहुतेक गाड्यांचे उत्पादन फार काळ टिकले नाही. जबर वेगाची राजदूत ३५० पेट्रोल फार पिते म्हणून मध्यमवर्गाने ती दूरच ठेवली आणि दशक संपता संपता ती बंद पडली. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तसा दोन-स्ट्रोक इंजिनांचा काळ आटोपला आणि १९९६ साली आरएक्स १०० चे उत्पादनही थांबले. ज्यांना लोकांनी महागडी म्हणून नाकारले किंवा जुनी म्हणून भंगारात घातले, त्याच गाड्यांसाठी आज तरुण मंडळी गावोगाव हिंडतात, हा काळाचा न्याय म्हणावा लागेल.

नगरच्या मातीत यंत्राचे वेड नवे नाही. १९७२ साली लूना ही छोटी मोपेड नगरच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने आणली आणि सायकलवरच्या भारताला इंजिनावर बसवले. पुढे १९८४ साली याच उद्योगाने जपानच्या होंडा कंपनीशी हातमिळवणी केली. संरक्षण खात्याची वाहन संशोधन आणि विकास आस्थापना नगरजवळच आहे. चिलखती दलाच्या केंद्राने १९९४ साली उभारलेल्या रणगाडा संग्रहालयात अनेक देशांचे जुने रणगाडे जपून ठेवले आहेत आणि त्यांत दुसऱ्या महायुद्धातील जपानी रणगाडेही आहेत. जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांची रीत तर सर्वांना ठाऊक आहे. गळीत हंगाम संपला की पावसाळाभर गिरण्या, पंप आणि टर्बाइन खोलायचे, झिजलेले बदलायचे, पुन्हा जोडायचे आणि दसऱ्याच्या सुमारास बॉयलर पेटवायचा. या कामावर फिटर आणि टर्नर यांच्या पिढ्या घडल्या. अंगणात मोटारसायकल उघडून बसलेला माणूस त्याच परंपरेचा, घरगुती प्रमाणातला, वारसदार आहे.

उघडलेल्या यंत्राचे पाठ

दोन-स्ट्रोक इंजिन घरी उघडता येते, कारण त्याची रचना साधी आहे. त्यात झडपा उघडमीट करणारा कॅमशाफ्ट नाही. पिस्टनच वर-खाली होताना सिलिंडरच्या भिंतीतील खिडक्या उघडतो आणि झाकतो. हलणारे भाग मोजके असल्याने चूक कोठे आहे हे शोधता येते आणि शोधलेली चूक सुधारताही येते.

परंतु साधेपणा म्हणजे सोपेपणा नव्हे. आरएक्स १०० च्या सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर आणि पिस्टनची धावही ५० मिलिमीटर. शाळेतल्या वृत्तचितीच्या सूत्रात हे आकडे घातले की ९८ घन सेंटिमीटर हे उत्तर मिळते, जे गाडीच्या कागदांवर छापलेले असते. सिलिंडर झिजला की तो लेथवाल्याकडे नेऊन किंचित मोठा करून घ्यावा लागतो आणि पाव मिलिमीटरच्या टप्प्यांनी वाढत जाणारा पिस्टन त्यात बसवावा लागतो. व्यास एका मिलिमीटरने वाढला की घनफळ १०२ वर जाते आणि त्यापुढे धातूच्या भिंतीत जागा उरत नाही. ज्या विद्यार्थ्याला हे सूत्र फळ्यावर कंटाळवाणे वाटले, त्याला ते अंगणात विसरता येणार नाही.

लोखंडी बेअरिंग ॲल्युमिनियमच्या आवरणातून ठोकून काढले तर आवरण फुटते. आवरण तापवले की ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते आणि बेअरिंग सहज सुटते. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना गावचा लोहार हेच शास्त्र वापरत होता. तो धाव तापवून मोठी करी, चाकावर बसवी आणि पाणी ओतून ती घट्ट आवळी. पुस्तकातला उष्णतेचा धडा, लोहाराची भट्टी आणि जपानी इंजिन यांची अशी गाठ एका घरात पडावी, हे शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने क्षुल्लक नाही.

एक बारीकसा तपशीलही येथे सांगण्याजोगा आहे. जपानी गाड्यांच्या स्क्रूंची फुली बाजारातल्या नेहमीच्या फुलीपेक्षा निराळ्या मापाची असते. साधा स्क्रूड्रायव्हर वापरला की तो वर सरकतो, फुली झिजते आणि मग छिन्नीशिवाय स्क्रू निघत नाही. कित्येक जुन्या गाड्यांच्या इंजिनांवर दिसणाऱ्या छिन्नीच्या खुणा कोणा अधीर हाताने ठेवलेल्या असतात. ज्याने योग्य हत्यार मागवण्यासाठी आठ दिवस काम थांबवले, त्याने संयम नावाचा विषय कोणत्याही परीक्षेविना उत्तीर्ण केला.

अमेरिकन लेखक रॉबर्ट पिरसिग याने होंडावरून १९६८ साली केलेल्या प्रवासाच्या आधारे मोटारसायकलीच्या देखभालीवर एक तत्त्वचिंतनात्मक ग्रंथ लिहिला आणि १९७४ साली तो प्रसिद्ध झाल्यावर जगभर वाचला गेला. हा लेखक तरुणपणी बनारस हिंदू विद्यापीठात तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी होता. यंत्राकडे लक्ष देणे आणि मनाकडे लक्ष देणे यांत फार अंतर नाही, हा विचार आपल्याकडे परका वाटू नये. खंडेनवमीला हत्यारांची पूजा करणाऱ्या समाजाला तो आधीच ठाऊक असावयास हवा.

जीर्णोद्धार आणि विद्रूपीकरण

या छंदाचे दोन प्रवाह आहेत. पहिल्या प्रवाहातील माणसाला गाडी कारखान्यातून निघाली तशी हवी असते. टाकीवरच्या पट्ट्यांची रुंदी, दिव्याची काच, सीटची शिवण यांसाठी तो जुने कॅटलॉग धुंडाळतो. दुसऱ्या प्रवाहातील माणूस गाडीला आपल्या कल्पनेचे रूप देतो. तो हँडल खाली आणतो, सीट आखूड करतो, रंग बदलतो. पहिला जीर्णोद्धार करतो, दुसरा नवनिर्मिती. दोहोंत कारागिरी आहे आणि जोवर गाडीचा सांगाडा, ब्रेक आणि दिवे सुरक्षित आहेत तोवर एकाने दुसऱ्याला कमी लेखण्याचे कारण नाही.

तथापि या दुसऱ्या प्रवाहाच्या आडोशाने एक तिसराच प्रकार बोकाळला आहे. सायलेन्सरमधली जाळी काढून रात्री-अपरात्री गल्लीतून गाडी दामटणे, चेसिसचा मागचा भाग कापून तेथे कसेबसे वेल्डिंग करणे, नंबरप्लेट वाचता येणार नाही अशी लावणे, यांत कसलीही कारागिरी नाही. परीक्षेच्या दिवसांत अभ्यास करणारी मुले, रुग्णालयातील आजारी माणसे आणि झोपेतून दचकून उठणारी तान्ही बाळे यांना या आवाजाची किंमत मोजावी लागते. महाराष्ट्रातील अनेक शहरांत पोलिसांनी असे सायलेन्सर जप्त करून त्यांवर रोडरोलर फिरवले, त्याबद्दल कोणी हळहळ व्यक्त करू नये. ध्वनी आणि वायू प्रदूषणाचे नियम मोडणाऱ्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर दहा हजार रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ती तरतूद योग्यच आहे.

खेदाची गोष्ट ही, की या टवाळखोरांमुळे पहिल्या दोन प्रवाहांतली माणसेही संशयित ठरतात. नाक्यावर अडवलेली जुनी गाडी पाहून ती जपलेली आहे की बिघडवलेली, हे ओळखण्याची शिकवण कोणालाच दिलेली नाही.

पंधरा आणि पन्नास यांच्यामध्ये

कायद्याची स्थिती पाहिली की ही अडचण अधिक स्पष्ट होते. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार खाजगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते आणि त्यानंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी ती नूतन करावी लागते. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षांहून जुन्या मोटारसायकलीसाठी या नूतनीकरणाचे शुल्क २,००० रुपये झाले. त्याच कायद्याचे ५२ वे कलम उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत असा बदल करण्यास मनाई करते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात या मनाईवर शिक्कामोर्तब केले. अनधिकृत बदल करणाऱ्या मालकास प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीने ठेवली आहे.

दुसऱ्या टोकाला जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ‘विंटेज’ वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेल्या, मूळ रूपात राखलेल्या आणि चेसिस, सांगाडा वा इंजिन यांत मोठा फेरफार न केलेल्या वाहनांना त्यांत मान्यता मिळते. नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे आणि नेहमीच्या वापरास बंदी, अशा त्यातील अटी आहेत. वारसा म्हणून जुन्या वाहनाला कायद्याने ओळखावे, हे पाऊल स्वागतार्ह होते.

परंतु १९८५ साली नोंदलेली आरएक्स १०० पन्नास वर्षांची होणार २०३५ साली. तोपर्यंत कायद्याच्या नजरेत तिचा दर्जा कोणत्याही खिळखिळ्या जुन्या दुचाकीचाच राहणार. ज्याने महिनोन् महिने खपून ती मूळ रूपात आणली त्याला कसलीही मान्यता नाही आणि ज्याने तिची उपेक्षा केली त्याला कसलाही दोष नाही. जर्मनीत तीस वर्षांचे वाहन तज्ज्ञांच्या तपासणीनंतर ऐतिहासिक म्हणून विशेष क्रमांकपट्टीस पात्र ठरते. ब्रिटनमध्ये ही मर्यादा चाळीस वर्षांची आहे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची व्याख्याही तीस वर्षांपासून सुरू होते. दमट हवा, खड्ड्यांचे रस्ते आणि भंगाराचा तेजीतला बाजार असलेल्या आपल्या देशात यंत्राला पन्नास वर्षे जगून दाखव असे सांगणे म्हणजे वारसाला वारसाहक्कासाठी शतायुषी होण्याची अट घालण्यासारखे आहे.

धुराची बाजू

येथे विरोधी पक्षाचे म्हणणे प्रामाणिकपणे ऐकले पाहिजे. दोन-स्ट्रोक इंजिनात ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच बाहेर पडतो आणि पेट्रोलबरोबर तेलही जळते. शहराची हवा या इंजिनांनी बिघडवली, हे खरे आहे. आजच्या भारत स्टेज सहा मानकांच्या गाड्यांशी त्यांची तुलना होऊच शकत नाही. म्हणून या गाड्या पुन्हा रोजच्या वाहतुकीत आणाव्यात अशी मागणी कोणी करू नये. महिन्यातून दोन रविवार फिरणारी, कार्ब्युरेटरचे जेट नीट बसवलेली आणि तेलाचे प्रमाण बरोबर राखलेली गाडी, आणि रोज शंभर किलोमीटर धूर ओकत धावणारी उपेक्षित गाडी, यांत मात्र फरक केला पाहिजे.

धुराचा हा विषय नगर जिल्ह्यापुरता एका निराळ्या दिशेनेही पुढे जातो. जिल्ह्यातला ऊस आज साखरेबरोबर इथेनॉलही देतो आणि ते पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत मिसळले जाते. शेतकऱ्याच्या आणि देशाच्या हिताचे हे धोरण आहे. पण इथेनॉल हवेतील पाणी शोषते आणि चाळीस वर्षांपूर्वीचे रबरी सील, नळ्या आणि पॅकिंग ते सहन करण्यासाठी बनलेले नव्हते. गाडी महिनाभर उभी राहिली की टाकीच्या तळाशी गंज धरतो. या अडचणीवर उपाय आहे. टाकी रिकामी किंवा पूर्ण भरलेली ठेवणे, इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे सुटे भाग बसवणे, हे घरी करण्याजोगे काम आहे. परंतु असे भाग तालुक्याच्या दुकानात मिळत नाहीत आणि मिळतात ते अनेकदा नकली असतात. ज्या जिल्ह्यात रबर आणि धातूचे लहान कारखाने औद्योगिक वसाहतीत आहेत, तेथे हे उत्पादन अशक्य का असावे?

काय करता येईल

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ साली ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षी त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले. वाहने हे त्यातील चार क्षेत्रांपैकी एक आहे. हा हक्क केवळ नव्या वस्तूंपुरता मानण्याचे कारण नाही. तीस वर्षे पूर्ण झालेल्या, मूळ इंजिन व चेसिस क्रमांक असलेल्या आणि ब्रेक, दिवे, आवाज व धूर यांच्या तपासणीत उतरलेल्या दुचाकीसाठी ‘जतन केलेले वाहन’ असा मधला वर्ग निर्माण करावा. वापर मर्यादित असावा, शुल्क माफक असावे आणि कोणते बदल चालतील व कोणते चालणार नाहीत याची मराठीतील छापील यादी प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या भिंतीवर असावी. कायद्याने एखादा बदल नाकारला तर नागरिक तो करणार नाही, पण नियम काय आहे हे त्याला दलालाकडून कळण्याची वेळ येऊ नये.

दुसरी गोष्ट शिक्षणाची. जिल्ह्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत फिटर, टर्नर आणि मोटार मेकॅनिक यांचे अभ्यासक्रम आहेत. नव्या गाडीचे इंजिन संगणकावर चालते आणि ते उघडण्याआधी तपासणीयंत्र जोडावे लागते. मूलतत्त्वे शिकण्यासाठी दोन-स्ट्रोक इंजिनाइतके उत्तम साधन आज दुसरे नाही. शहरातील जुने मेकॅनिक, ज्यांनी या गाड्या नव्या असताना दुरुस्त केल्या, ते आता साठी-सत्तरीत आहेत. कानाने पिस्टनची खडखड ओळखणारी ही माणसे कोणत्याही पुस्तकात उतरलेली नाहीत. त्यांना आठवड्यातून एक दिवस संस्थेत बोलावून मानधन द्यावे. हे काम फार खर्चाचे नाही, पण दहा वर्षे लांबले तर ते करता येणार नाही.

तिसरी गोष्ट छंद जोपासणाऱ्यांच्याच हाती आहे. कागदपत्रे आणि ठोकलेले क्रमांक जुळल्याशिवाय गाडी घेऊ नये, कारण या गाड्यांची किंमत वाढली तशी चोरीच्या मालाचीही मागणी वाढली. रविवारी सायलेन्सर मूळचाच असावा आणि आपल्या हौसेचा आवाज आपल्या अंगणापुरता राहावा. ज्या छंदाने शेजाऱ्याची झोप मोडते, त्याच्या बाजूने कायदा बदलावा असे शेजाऱ्याला कधीच वाटणार नाही.

आता पुन्हा त्या अंगणाकडे वळावे. गाडी जोडून झाली आहे. गणिताच्या शिक्षकाने चोक ओढला, दोन वेळा किक मारली, काही झाले नाही. प्लग काढून पाहिला तर तो ओला होता. पेट्रोल येत होते, ठिणगी येत नव्हती. त्याने कॉइलची तार पुन्हा तपासली, एक सैल सांधा सापडला, तो आवळला. तिसऱ्या किकेला इंजिन सुरू झाले. अंगणाच्या कठड्यावर बसलेल्या मुलाने हे सारे पाहिले. यंत्र बंद पडले की हताश न होता कारण शोधावे लागते आणि कारण शोधले की बहुधा सापडते, हा धडा त्याला कोणी वाचून दाखवला नाही. असे धडे देणारी अंगणे जिल्ह्यात किती उरावीत, हे ठरवण्याची जबाबदारी परिवहन कार्यालयाची आहे, प्रशिक्षण संस्थांची आहे आणि सायलेन्सरची जाळी जागेवर ठेवणाऱ्या प्रत्येक शहाण्या छंदिष्टाचीही आहे.